सेल्युलर जेल हे तुरुंगसुधारणेचंच अपत्य – पटतंय का?

बराक_सात (धागाकर्ता)

अंदमान म्हटलं की डोळ्यांपुढे सात पाख्यांची ती इमारत येते आणि पाठोपाठ ठरलेलं स्पष्टीकरण: क्रांतिकारकांना चिरडण्यासाठी इंग्रजांनी ती बांधली. तारखा मात्र याला दुजोरा देत नाहीत. कोठड्यांची शिफारस १८९० ची. बांधकाम १८९६ ते १९०६. अलीपूर कट-खटला १९०८ चा, नाशिकला जॅक्सनचा खून डिसेंबर १९०९ मधला. म्हणजे पाया खणला जात होता तेव्हा ज्यांच्यासाठी तो खणला असं आपण म्हणतो, ती मंडळी शाळेत धडे गिरवत होती.

मग हे जेल कोणासाठी? उत्तर वसाहतीच्या पहिल्या तीस वर्षांत आहे. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला तेव्हा तिथे भिंत नव्हती. समुद्र हीच भिंत. पुढे हळूहळू एक शिडी तयार झाली. शतकाच्या वळणावर ती साधारण अशी होती: जन्मठेपेचा माणूस आला की सहा महिने कोठडीत, मग दीड वर्ष तुरुंगात पण इतरांसोबत, पुढची तीन वर्षं टोळीत सक्तमजुरी, रात्री बराकीत कुलूप. त्यानंतरची पाच वर्षं मजुरीच, पण थोडी हलकी. किरकोळ भत्ता मिळे, टिंडेल किंवा पेटी ऑफिसर (कैद्यांमधूनच नेमलेला पहारेकरी) होण्याची संधी असे. अशी दहा वर्षं भरली की तिकीट, म्हणजे तुरुंगाबाहेर राहण्याचा परवाना. तिकीटवाला 'सेल्फ-सपोर्टर' गावात राहायचा, शेती करायचा, गुरं पाळायचा, बायको देशातून बोलवायचा किंवा तिथेच लग्न करायचा. फक्त टापू सोडायचा नाही आणि रिकामं बसायचं नाही. वीस-पंचवीस वर्षं चांगल्या वर्तणुकीत गेली तर सुटका.

यातली पहिली पायरी, ते सहा महिने, सुरुवातीला नव्हती. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज टापूवर गेले. एक गृहखात्याचा सचिव, दुसरा बंगालच्या तुरुंगांचा अनुभवी डॉक्टर. त्यांचा निष्कर्ष असा की हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना काळं पाणी बरं वाटू लागलं आहे, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात फाशीखालोखाल असलेली शिक्षा व्यवहारात सर्वांत हलकी झाली आहे. इलाज म्हणून त्यांनी सुरुवातीला एकेकट्या कोठडीचा टप्पा सुचवला.

हा त्या काळातल्या तुरुंगसुधारकांच्या पोथीतलाच इलाज होता. लंडनचं पेंटनव्हिल १८४२ मध्ये उघडलं ते याच तत्त्वावर, अठरा महिने वेगळी कोठडी. माणसं वेडी व्हायला लागली तशी मुदत कमी करत नऊ महिन्यांवर आणली. अंदमानचे सहा महिने त्याच औषधाचा छोटा डोस. म्हणून माझं म्हणणं: सेल्युलर जेलला सुधारणेचा अपवाद समजू नका, ते त्या सुधारणेचं अगदी सरळ फळ आहे. शिक्षा मोजून-मापून, सर्वांना सारखी, पायरीपायरीने देण्याची जी हौस एकोणिसाव्या शतकाला होती, तिने कोठडी जन्माला घातली.

कलम_५९

निम्मे पटले, निम्मे नाही.

तारखांबद्दल दुमत नाही. पण ज्याला तुम्ही सुधारणा म्हणता ती प्रशासनाची होती, कायद्याची नव्हती. कायद्याने उलटी दिशा आधीच धरली होती.

भारतीय दंड संहिता १८६० ची, लागू १ जानेवारी १८६२ पासून. तिचे ७३ आणि ७४ ही कलमे काढून पाहा. एकांत कोठडी न्यायालयच देऊ शकते. एकूण शिक्षा कितीही असो, एकांत तीन महिन्यांच्या वर नाही. एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही आणि दोन खेपांमध्ये तेवढीच विश्रांती. शिक्षा तीन महिन्यांहून मोठी असेल तर महिन्यात सात दिवसांपेक्षा जास्त नाही. एवढी काटेकोर मर्यादा कायदा करणाऱ्यांनी उगाच घातली नव्हती. एकांताने माणसाचे काय होते हे त्यांना ठाऊक होते.

आता सांगा, या मर्यादेत सलग सहा महिने बसतात कसे?

बसवले ते शब्द बदलून. 'एकांत' ही शिक्षा. 'वेगळे ठेवणे' ही व्यवस्था. १८९४ च्या तुरुंग कायद्यात 'वेगळे ठेवण्या'ची स्वतंत्र व्याख्याच आहे. 'वेगळे ठेवणे' म्हणजे इतर कैद्यांशी बोलता येणार नाही पण ते दिसतील, रोज किमान तासभर व्यायाम मिळेल, जेवण निदान एका माणसासोबत होईल. याच्या वरच्या कडक प्रकाराला त्याच कायद्यात चौदा दिवसांची मर्यादा आहे. कागदावर फरक मोठा. साडेतेरा फूट बाय सात फुटांच्या खोलीत बसलेल्याला तो किती जाणवत असेल हा वेगळा प्रश्न.

म्हणून माझी मांडणी अशी: संहितेने पुढचा दरवाजा बंद केला आणि प्रशासन मागच्या दाराने आत आले. त्या मागच्या दाराला सुधारणा म्हणायला माझी तयारी नाही.

खाजणकर

दोघांच्याही प्रतिसादांत एक गोष्ट गृहीत धरली आहे: १८९० च्या आधीचा टापू मोकळा आणि सौम्य होता. लायल-लेथब्रिजचं तेच म्हणणं होतं आणि धागाकर्त्याने ते जसंच्या तसं उचललंय.

आकडे बघू. पहिल्या तीन-चार महिन्यांत आलेल्या ७७३ कैद्यांपैकी साठाहून जास्त इस्पितळात मेले, १४० पळाले ते पुन्हा दिसलेच नाहीत, आणि पळून परत सापडलेल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवलं. आग्र्याच्या तुरुंगाचा माजी अधीक्षक होता तो. वरून ठपका आला तेव्हा हे थांबलं. मोकळा टापू तो हाच.

बरं, ती सुरुवात म्हणून सोडून देऊ. पुढे माणसं मेली ती कशाने? मलेरियाने. आणि मलेरिया आला कामातूनच. कोकणातल्या माणसाला खाजण म्हणजे काय हे सांगायला नको. भरतीचं पाणी आत येतं, पाऊस पडला की गोडं पाणी त्यात मिसळतं. बांध पक्का आणि उघाडी (बांधातली पाण्याची झडप) नीट चालत असेल तर जमीन सुटते, शेत होतं. बांध अर्धवट असेल तर आत ना खारं ना गोडं असं मचूळ पाणी साचून राहतं. अंदमानात मलेरिया पसरवणारा डास नेमका अशाच पाण्यात वाढतो. १९११ च्या सुमारास मलेरियाचा अभ्यासक ख्रिस्तोफर्सने तिथे जाऊन हे दाखवलं: ताप खाजणाच्या कडेने साधारण अर्ध्या मैलाच्या पट्ट्यात, पलीकडे डोंगरावर जवळजवळ नाही. आणि कैद्यांच्या टोळ्या पन्नास वर्षं काय करत होत्या? किनाऱ्यावरचं जंगल तोडणं, खाजण बांधणं, अर्धं सोडून पुढच्या खाडीला जाणं. बराकीसुद्धा किनाऱ्यालगत, कारण ने-आण सगळी होडीने.

ज्या कैद्याला 'काळं पाणी बरं वाटतं' असं साहेबाला सांगण्यात आलं, तो जिवंत राहिलेला कैदी होता. मेलेल्यांची साक्ष कोणी काढणार?

आणि सेल्फ-सपोर्टर. सुरुवातीला घर, धान्य, अवजारं सरकारकडून, भाडं-कर काही नाही. तीन-चार वर्षांनी मदत बंद, कर सुरू. म्हणजे सरकारने जंगल तोडायला मजूर आणला, त्याच्याकडून दहा वर्षं फुकट काम घेतलं आणि नंतर तोच करदाता शेतकरी झाला. याला शिक्षेतली उदारता म्हणायचं की वसाहतीचा ताळेबंद?

बराक_सात

मलेरियाचा मुद्दा मान्य, तो माझ्या मांडणीत यायला हवा होता. पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. टापू खरोखर सौम्य होता असं मी म्हटलेलं नाही. तो सौम्य आहे असं सुधारकांना वाटलं आणि त्या वाटण्यावर इमारत उभी राहिली.

@कलम_५९, मागचं दार हा शब्द छान आहे, पण दंड संहिता एवढी निर्मळ धरू नका. त्याच संहितेचं ५६ वं कलम वाचा: युरोपियन किंवा अमेरिकन असेल तर काळं पाणी द्यायचंच नाही, त्याऐवजी सक्त कैद. मुळात १८५५ च्या २४ व्या कायद्याने हा भेद आणला आणि संहितेने तो आत घेतला. निघाला कधी? १९४९ मध्ये.

स्ट्रेट्स_फाइल

अंदमानची शिडी अंदमानात तयार झाली असं वरच्या चर्चेवरून वाटेल. ती तयार मालासारखी आली होती, पूर्वेकडून.

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानी कैदी सुमात्रातल्या बेंकुलेनला पाठवायला सुरुवात केली १७८७ मध्ये. मग पिनांग, आणि १८२५ पासून सिंगापूर. रॅफल्सने बेंकुलेनमध्ये कैद्यांचे तीन वर्ग पाडले. सिंगापूरला १८४५ मध्ये गव्हर्नर बटरवर्थच्या नियमांनी सहा वर्ग झाले. वरच्या वर्गाला तिकीट, खालच्याला बेडी, मधल्यांतून पहारेकरी. कैद्यांवर कैद्यांचाच पहारा ही कल्पना तिथली. गोऱ्या पहारेकऱ्याचा पगार वाचतो आणि चांगलं वागण्याला बक्षीसही मिळतं, असा दुहेरी हिशोब. याच लोकांच्या हातून सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल उभं राहिलं. चुना, अंड्याचा पांढरा बलक, गूळ आणि काथ्याचं पाणी घातलेला मद्रासी गिलावा आजही तिथे आहे. १८७३ मध्ये सिंगापूरचा कारखाना आवरला आणि उरलेले कैदी अंदमानला गेले. टिंडेल हा शब्दसुद्धा जहाजावरचा, तांडेल. आपल्याकडच्या किनाऱ्यावर कोणालाही विचारा.

मुंबई इलाख्यातूनही सिंगापूर-पिनांगला आणि मॉरिशसला कैदी गेले. उलटी वाहतूकही होती, ती कमी जणांना ठाऊक असते: सामुद्रधुनीच्या वसाहतींतले (सिंगापूर, पिनांग, मलाक्का) चिनी कैदी महाबळेश्वरला ठेवले होते. तिथल्या भाजीच्या मळ्यांत त्यांचा हात होता. ते जेल १८६४ मध्ये मोडलं. कोणाचं काळं पाणी कुठे, हे तुम्ही कोणत्या बंदरात उभे आहात यावर ठरत होतं.

मुद्दा असा की कोणा तत्त्ववेत्त्याच्या पोथीतून न उतरता ही शिडी पहारा, चुना आणि पैसा यांच्या रोजच्या हिशोबातून घडली. लायल-लेथब्रिजने तिला पेंटनव्हिलची पायरी वरून चिकटवली. सुधारणेचा वंशवेल लंडनपासून काढणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

मौज म्हणजे नेमक्या त्या काळात खुद्द इंग्लंड काळ्या पाण्यातून अंग काढून घेत होतं. ब्रिटिश संसदेच्या मोल्सवर्थ समितीने १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियाला कैदी पाठवण्यावर झोड उठवली. न्यू साउथ वेल्स १८४० मध्ये बंद, टास्मानिया १८५३ मध्ये. आणि १८५८ मध्ये अंदमान सुरू.

अडकित्ता

एवढं सगळं बोललात, सावरकरांचं नाव कसं नाही अजून? मुद्दाम टाळताय का?

बराक_सात

टाळत नाही. अर्जांवरून भांडायला इथे वेगळे दहा धागे आहेत, तिकडे जा. या धाग्यात नियम, कलमं आणि इमारत. त्या अंगाने त्यांचा बिल्ला उपयोगी आहे, त्याकडे येऊ.

दंडाबेडी

इमारतीबद्दल दोन दुरुस्त्या, कारण दर वेळी तेच ऐकायला मिळतं.

एक, हे इंग्रज विचारवंत बेंथमने सुचवलेलं आदर्श तुरुंगाचं 'पॅनॉप्टिकॉन' नाही. पॅनॉप्टिकॉनमध्ये कोठड्या गोलाकार आणि मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडीच्या आत दिसतं. इथे मधल्या मनोऱ्यातून कोठडीचं आतलं काहीच दिसत नाही. दिसतो तो प्रत्येक पाख्याचा व्हरांडा. तीन मजले, सात पाखे, प्रत्येक मजल्याला एक पहारेकरी धरला तर एकवीस माणसांत ६९३ कोठड्या. हा नमुना जवळचा आहे फिलाडेल्फियाच्या १८२९ च्या तुरुंगाला, चाकाच्या आऱ्यांसारखा. पण तिथे मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना कोठड्या. अंदमानात एकेरी रांग, पुढे व्हरांडा, आणि समोर शेजारच्या पाख्याची पाठ. म्हणजे कोणाच्याही दारातून कोणाचंही दार दिसत नाही. कडीही भिंतीतल्या खोबणीत इतकी आत सरकवलेली की गजांतून हात घातला तरी पोचत नाही. पाहण्यासाठी बांधलेली इमारत नाही ती, तोडण्यासाठी बांधलेली आहे.

दोन, @कलम_५९ यांनी एकांतावर सगळा भर दिला. कोठडी माणसाला मोडत होती ती तिच्यातल्या कामासह. कोलूचं, म्हणजे तेलाच्या घाण्याचं, रोजचं माप: खोबऱ्याचं तेल तीस पौंड, मोहरीचं असेल तर दहा. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, हातकोलूवर, एका दिवसात. दुसरं काम छिलका कुटण्याचं. नारळाचं सोडण ठेचून, भिजवून, पुन्हा ठेचून धागा वेगळा करायचा, सुकवायचा आणि संध्याकाळी वजनात बसवायचा. नवख्याच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड. दुसऱ्या दिवशी फोड फुटलेल्या हाताने तेवढंच माप. आणि वजनात एक गोम असते: सुका काथ्या कमी भरतो, ओला जास्त, पण ओला नाकारतात. तेलात गाळ राहिला तर तोही वजा. माप पूर्ण करणारा आणि न करणारा यांच्यातला फरक पुष्कळदा तराजू कोणाच्या हातात आहे एवढाच. तराजू पेटी ऑफिसरच्या हातात, आणि पेटी ऑफिसर स्वतः कैदी, त्याचं तिकीट जेलरच्या मर्जीवर.

माप चुकलं की पुढची यादी: उभी हातकडी, दंडाबेडी (पायांत लोखंडी दांड्याची बेडी), गोणपाटाचे कपडे, जेवणाऐवजी कांजी. तुरुंग कायद्यात हे सगळं रीतसर आहे. फटक्यांची कमाल तीस, हेही. @स्ट्रेट्स_फाइल ज्याला पहाऱ्याचा हिशोब म्हणतात, तो इथे असा उतरतो. सिंगापूरला कैदी-पहारेकरी उघड्यावर, शंभर जणांसमोर होता. तोच माणूस बंद व्हरांड्यात आणला की त्याच्यावर कोणाचा पहारा?

कलम_५९

हे मोलाचे आहे. माझ्या मूळ मुद्द्याला जोड: कायद्याने प्रत्येक शिक्षेची मर्यादा वेगवेगळी ठरवली, त्यांच्या बेरजेची नाही. चौदा दिवस हे, सात दिवस ते, मग दंडाबेडी. प्रत्येक नोंद कायदेशीर. बेरीज बेकायदा म्हणायला पुस्तकात कलमच नाही. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा आणि जेलरने दिलेली शिक्षा यांच्यामध्ये अपीलही नाही.

@बराक_सात, ५६ व्या कलमाबद्दल हरलो. त्या यादीत ३०३ वेही घाला: जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, न्यायाधीशाला पर्यायच नाही. टापूसारख्या ठिकाणचे जेलर आणि पहारेकरी डोळ्यांपुढे ठेवले की या कलमाचा उगम कळतो. टापू बंद झाल्यावरही ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिठू खटल्यात घटनाबाह्य ठरवले.

खाजणकर

१८७२ कोणीच काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटतं. ८ फेब्रुवारीला होपटाउनच्या धक्क्यावर व्हाइसरॉय मेयोचा खून करणारा शेर अली हा कैदीच, आणि 'चांगल्या वर्तणुकीचा'. हजामाचं काम करत मोकळा फिरत होता. शिडी नीट चालत होती म्हणूनच तो तिथे पोचला. त्यानंतर 'मोकळीक' या शब्दाचीच सरकारला धास्ती बसली. लायल-लेथब्रिजच्या अहवालाआधीची अठरा वर्षं ही धास्ती मुरत होती. तुम्ही म्हणता सुधारणेने कोठडी बांधली. मी म्हणेन भीतीने बांधली आणि सुधारणेने तिला भाषा पुरवली.

दुसरं, शिडीचं वरचं टोकही तपासा. तिकीट मिळालं की लग्न, संसार, गाव. कोणाशी? १९०१ च्या जनगणनेत टापूवर कैदी पुरुष ११,२१७ आणि कैदी स्त्रिया ७३०. पंधराला एक. स्त्री-कैद्यांना लवकर तिकीट, लवकर लग्नाची परवानगी आणि पंधरा वर्षांत सुटका, ही 'सवलत' कशासाठी हे आकड्यांवरून उघड आहे. बायको देशातून बोलवायची तर तिने समुद्र ओलांडायचा, जात सोडायची, आणि कैद्याची बायको म्हणून उतरायचं. किती जणी येणार?

बराक_सात

भाषा पुरवली, हे मी घेतो. पण भाषा पुरवणं ही किरकोळ गोष्ट नाही. भीती १८७२ पासून होती. बांधकाम सुरू व्हायलाच चोवीस वर्षं लागली. निधी मंजूर व्हायला 'आम्ही घाबरलो' हे कारण चालत नाही, 'शिक्षेचा पहिला टप्पा' हे चालतं.

जुना_मॅन्युअल

उशिरा आलो. सगळे १८९० भोवती फिरताहेत, पण 'सुधारणेने शिक्षा हलकी होते का' याची खरी कसोटी पुढे आहे.

कार्ड्यू समिती, सरकारने नेमलेली तुरुंग-चौकशी समिती. १९१९-२० मध्ये हिंदुस्थानभरचे तुरुंग आणि अंदमान पाहून तिने सांगितलं की टापूवर माणूस सुधारत नाही, स्त्री-पुरुषांचं प्रमाण बिघडल्याने समाजही उभा राहत नाही, तेव्हा सरसकट पाठवणं बंद करा. मार्च १९२१ मध्ये सरकारने वसाहत मोडण्याचं जाहीर केलं. पुढे काय झालं? हजारो कैदी परत घ्यायचे तर इकडच्या तुरुंगांत जागा हवी. प्रांतांचे तुरुंग आधीच भरलेले, त्यात असहकार. त्याच वर्षी मलबारात उठाव झाला आणि हजाराहून अधिक मोपला (मलबारी मुसलमान) उलट अंदमानलाच गेले. मग १९२६ पासून 'राजीखुशीने' येणाऱ्यांची सोय काढली. १९३२ मध्ये राजकीय कैदी पुन्हा त्याच कोठड्यांत. १९३३ च्या उपोषणात तिघं गेले, महावीर सिंग, मोहित मैत्र आणि मोहन किशोर नमदास. १९३७ च्या उपोषणानंतर परत पाठवणं सुरू झालं, जानेवारी १९३८ पर्यंत राजकीय कैदी संपले. आणि वसाहत म्हणून टापू अधिकृतपणे मोडला तो जपानी गेल्यावर, ऑक्टोबर १९४५ मध्ये. जाहीर झाल्यापासून चोवीस वर्षं.

शिफारस आणि अंमल यांच्या मधे काय अडकतं? बराकी. दर वेळी बराकीच. नियम बदलायला एक अधिसूचना पुरते, पाचशे माणसांच्या निजायच्या जागेला वीट-चुना लागतो. तुरुंगसुधारणेवरचा कोणताही अहवाल वाचताना मी आधी खाटांची संख्या शोधतो.

कलम_५९

अंमलाचा विषय निघाला म्हणून 'काळे पाणी' या शिक्षेचे पुढे काय झाले तेही सांगतो. धागाकर्त्याला आवडणार नाही असे वाटले होते, आता वाटते आवडेल.

संहितेत शिक्षेचे नाव होते 'आजन्म हद्दपारी'. पाठवायला टापूच उरला नाही तरी न्यायालये तीच शिक्षा देत होती. १९४५ च्या किशोरी लाल प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनचे तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) मान्य केले की समुद्रापार न नेता इथल्या तुरुंगात ठेवले तरी शिक्षा वैधच. नाव प्रवासाचे, मुक्काम नाशिकला किंवा येरवड्याला. मग १९५५ च्या २६ व्या कायद्याने १ जानेवारी १९५६ पासून शब्द बदलला, 'जन्मठेप' म्हणजे आजन्म कारावास. ५३-अ कलम घालून जुन्या हद्दपाऱ्यांनाही तोच अर्थ दिला.

मराठी वाचकांना ठाऊक असलेला निकाल इथलाच: गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६१. १९४९ मध्ये हद्दपारीची शिक्षा. अर्जदाराचे म्हणणे, मिळालेली माफी २,९६३ दिवसांची, ती धरून वीस वर्षे भरतात, सोडा. न्यायालयाने सांगितले की वीस वर्षांचा आकडा ५७ व्या कलमातला, तो फक्त शिक्षेचा अंश काढण्यासाठी. समजा एखाद्या गुन्ह्याच्या प्रयत्नाला जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा आहे, तर निम्मे कशाचे? वीसचे, म्हणून दहा. एवढेच. बाकी जन्मठेप म्हणजे नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत. माफीचे दिवस जमले म्हणून दार आपोआप उघडत नाही; सरकारचा आदेश लागतो. नव्या न्याय संहितेच्या सहाव्या कलमातही तोच वीसचा आकडा त्याच कामासाठी बसला आहे. तरी 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' हे चहाच्या टपरीवर आजही ऐकू येते. ते चौदा १९७८ मध्ये तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या ४३३-अ कलमातले, आणि तिथे ती किमान मर्यादा होती: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातला जन्मठेपवाला चौदा वर्षांआधी सुटू शकत नसे. पुढे सुटेलच, असे त्यात कुठेही नव्हते.

बराक_सात

आवडलंच! आता बिल्ल्याकडे येतो.

कैद्याच्या गळ्यात लाकडी तिकीट असे. त्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. सावरकरांचा क्रमांक ३२७७८, दोन जन्मठेपा एकापुढे एक, सुटका डिसेंबर १९६०. म्हणजे एका जन्मठेपेची पंचवीस वर्षं धरली. संहितेतल्या वीसचा तिथे संबंध नाही, वसाहतीचा स्वतःचा हिशोब पंचवीसचा. तारीख क्रूर होती, पण तारीख होती. १९६१ नंतरच्या जन्मठेपवाल्याच्या कागदावर तारीखच नाही. स्वतंत्र देशाने, सुधारणा म्हणून, शब्द शुद्ध केला आणि शिक्षा लांबवली. माझा मुद्दा मी याहून चांगला मांडू शकलो नसतो.

कलम_५९

थोडे थांबा. बिल्ल्यावरची तारीख हा हक्क नव्हता. 'वर्तणूक मान्य झाल्यास' ही अट तेव्हाही होती, आणि ती मान्य करणारा चीफ कमिशनर. त्याने नाही म्हटले तर कोणत्या न्यायालयात जाणार होता कैदी? १९६१ मध्ये अर्जदार हरला, पण अर्ज करू शकला. सर्वोच्च न्यायालयात, तुरुंगातून. माझ्या लेखी कायद्याची सुधारणा ही आहे. शिक्षा हलकी की जड हे वेगळे माप.

दंडाबेडी

ज्याच्या हातात कोलूचा दांडा आहे त्याला हे माप वेगळं कसं वाटेल?

कलम_५९

वाटणार नाही. पण तराजू पेटी ऑफिसरच्या हातात आहे ही तक्रार तुमचीच होती. ती तक्रार ऐकणारा माणूस जेलरच्या बाहेरचा असणे, एवढेच मी मागतो आहे.

जुना_मॅन्युअल

तक्रार ऐकायला बाहेरचा माणूस कागदावर तेव्हाही होता. 'व्हिजिटर' मंडळ. देशातल्या तुरुंगांना अधिकृत आणि बिगर-अधिकृत भेटकर्ते नेमण्याची पद्धत जुनीच आहे. कलेक्टर, न्यायाधीश, गावातले दोन-चार प्रतिष्ठित. यवतमाळच्या किंवा ठाण्याच्या तुरुंगात असा माणूस टांग्याने पोचतो. टापूवर तो कुठून आणणार? 'महाराजा' बोट चालान (कैद्यांची तुकडी) घेऊन यायची, आणि त्या बेटांवर मूळ आदिवासी सोडले तर सरकारी नोकर, त्यांचे नोकर, कैदी आणि सुटलेले कैदी यांच्याशिवाय वस्तीच नव्हती. बिगर-अधिकृत म्हणावा असा माणूस टापूवर जन्मालाच यायचा होता. आला तेव्हा त्याला 'लोकल बॉर्न' म्हणायला लागले, आणि त्याचा बाप कैदी.

स्ट्रेट्स_फाइल

+१. सिंगापूरला व्यापारी होते, वर्तमानपत्रं होती. कैद्यांच्या बाजूने कमी आणि विरोधात जास्त लिहायचे, पण लिहायचे. अंदमानच्या नियमांत आणि सिंगापूरच्या नियमांत मी ओळीला ओळ लावून पाहिली तर फरक थोडा. बंदर मात्र वेगळं.